गळलेली ओळ

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचा, आणि खूश आहे. असं वाक्य लिहून सहा महिने तरी झाले असतील, म्हणून तेच पहिलं टाकलं.

घर चर्चच्या आवारात आहे, चर्चला पाठ लावून उभं. मधली भिंत दोघांत एकच. खाली कामाच्या दोन खोल्या आणि वर माझी एक. लोखंडी पलंग, लिहायचं टेबल, खिडकीतून दिसणारी पत्र्याची शेड आणि दोरीवर वाळणाऱ्या चादरी. नळाला पाणी येतं आणि हवं तेव्हा बंदही होतं, म्हणजे आधीच्या खोलीपेक्षा दुप्पट सोय. घर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्या स्वतःच बोलत राहतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. अशा माणसांशी माझं छान जमतं.

काम पाळकसाहेबांनी समजावून सांगितलं. पवित्र शास्त्राची नवी आवृत्ती निघणार आहे आणि तिच्या शेवटी न्यायाच्या वचनांची सूची द्यायची आहे. देवाच्या न्यायाबद्दल जुन्या करारात जे जे म्हटलंय, त्याचा पडसाद नव्या करारात कुठे उमटलाय, ते समोरासमोर मांडायचं. एका कार्डावर एक जोडी. मोठे मास्तर म्हणून कुणी होते, त्यांनी तीस वर्षं खपून तीनशे बारा कार्डं लिहिली आणि ते वारले. आता ती मूळ वचनांशी ताडून पाहायची, एवढंच. पाळकसाहेबांची इच्छा अशी, की सूची वाचून लोकांना कळावं, जुन्यातला राग नव्यात निवला. मला ते पटलं. जुना करार म्हणजे छडीवाला हेडमास्तर आणि नवा म्हणजे घंटेच्या आधीच पोरांना सोडून देणारे वर्गशिक्षक.

मोठ्या मास्तरांची एक पद्धत होती, ती मोडायची नाही असं ठरलेलं आहे. खालच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांचं पार्टिशन आहे आणि त्याला टेबलाच्या उंचीवर पत्रपेटीसारखी फट. अलीकडे बसणाऱ्यानं जुनं वचन मोठ्यानं वाचायचं. पलीकडच्यानं नव्या वचनावर बोट ठेवून उत्तरादाखल ते वाचायचं. मग कार्ड फटीतून पलीकडे जातं आणि खूण होऊन परत येतं. दोघांच्या खुणा पडल्या, की जोडी पक्की. वाचणाऱ्यांनी एकमेकांना पाहायचं नाही. चेहरा दिसला की माणूस हो ला हो करतो, असं मास्तर म्हणत. दुसरा वाचक शोधतोय, येईलच, असं सांगून पाळकसाहेब उद्या पहाटेच आठ-नऊ दिवसांच्या दौऱ्यावर निघताहेत.

मला ही पद्धत नवी नाही. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून तीस वर्षं काढली. मी मूळ वाचायचो, धाकटा भाऊ प्रुफावर बोट ठेवून बसायचा, आणि दोघांच्या खुणांशिवाय कागद मशीनवर चढत नसे. मग धाकट्याच्या हातून एका औषधाच्या पत्रकातली एक ओळ गळली. एक वर्षाखालच्या मुलांना देऊ नये, ही ती ओळ. दोन घरांत अनर्थ झाला. धाकट्याला घरी बसवलं, आणि मी अब्रूनं बाहेर पडलो. उद्या अकरा वाजता त्याची चौकशी आहे. मी माझं लेखी निवेदन देऊन मोकळा झालोय, प्रकृतीमुळे हजर राहू शकत नाही असंही कळवलंय. फोनमधलं सिमकार्ड काढून साबणाच्या डबीत ठेवलं. इथे मला कुणी ओळखत नाही. झोप लागेल.

४ तारीख, मंगळवार

लागली. सकाळी दहाला खाली बसलो. टेबल प्रशस्त, उजेड डावीकडून येतो, कार्डांचे खोके ओळीनं लावलेले. दुसरा वाचक काही आला नव्हता, म्हणून तासभर पेन्सिलींना टोक काढत बसलो. शेवटी कंटाळून पहिलं कार्ड उचललं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो. जलप्रलय, तारू, दार बाहेरून बंद झालं तो भाग.

वाचून थांबलो, तर पार्टिशनच्या पलीकडून शांतपणे उत्तर आलं. नव्या करारातलं. त्या दिवसांत लोक खात होते, पीत होते, लग्नं लावत होते आणि पाणी येईपर्यंत त्यांना काही कळलं नाही, तसंच पुढेही होईल, या अर्थाचं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी कार्ड फटीतून सरकवलं. खूण होऊन परत आलं.

म्हणजे पाळकसाहेब बोलल्याला जागले. माणूस मागच्या दारानं येऊन बसला असणार. घड्याळात पाहिलं, सव्वा अकरा. पहिल्या दिवशी सव्वा तास उशीर. पण वाचतो झकास, त्यामुळे माफ केलं. संध्याकाळपर्यंत चोवीस जोड्या उरकल्या.

५ तारीख, बुधवार

पलीकडचे गृहस्थ मितभाषी आहेत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी वाचायला घेण्याआधी फक्त म्हणतात, हं, वाच. ‘वाचा’ नाही, ‘वाच’. जरा खटकलं, पण वाचनाच्या खोलीत मानपान कसले.

आज आगीनं जळालेल्या दोन शहरांचं कार्ड आलं. मागे वळून पाहणारी बाई मिठाचा खांब होते, ती गोष्ट. मला वाटलं, समोर काहीतरी मवाळ असेल. पलीकडून आलं ते असं: ज्या गावांनी ऐकूनही कानांवर हात ठेवले, त्यांच्यापेक्षा त्या जळालेल्या शहरांना न्यायाच्या दिवशी सोपं जाईल.

म्हणजे निवलं कुठे? उलट चढलं. मी दुपारभर पुढचीमागची कार्डं चाळली. जुन्यात केलेल्या कामाचा जाब आहे. नव्यात त्याच्या जोडीला न केलेल्याचाही आहे, न बोललेल्याचाही. वर्गशिक्षक घंटेआधी सोडतात खरे, पण दारात उभे राहून दप्तर तपासतात. पाळकसाहेबांना हे आवडणार नाही.

७ तारीख, शुक्रवार

आज आमच्या धंद्यातला माणूस शास्त्रात सापडला. हत्यारं घेतलेले सहा जण मंदिरात येतात आणि त्यांच्यासोबत एक लेखनिक, तागाच्या कपड्यातला, कमरेला दौत लावलेला. त्याचं काम एवढंच, की गावात फिरून ज्यांना घडल्या गोष्टींचं दुःख आहे त्यांच्या कपाळावर खूण करायची. मागून ते सहा जण येतात. खूण असेल त्याला सोडतात, नसेल त्याला सोडत नाहीत, म्हातारं नाही की लेकरू नाही. आणि हुकूम असा, की सुरुवात माझ्याच मंदिरापासून करा.

पलीकडून दोन उत्तरं आली. एक, न्यायाची सुरुवात देवाच्या घरापासूनच व्हायची आहे. दुसरं, शेवटच्या दिवसातल्या कपाळांवरच्या शिक्क्यांचं. दोन्ही बरोबर. मी थट्टेनं म्हटलं, आपण दोघं तर देवाच्या घराच्या पाठीलाच टेकून बसलोय, आपला नंबर पहिला. पलीकडून एवढंच आलं, हं, वाच.

मावशींना सांगून त्यांच्यासाठी चहा मागवला आणि फटीच्या कडेला ठेवला. पाचला उठलो तेव्हा कप तसाच, वर साय धरलेली.

१० तारीख, सोमवार

शंभरावर कार्डं झाली. इतका चांगला जोडीदार धाकट्यानंतर मिळाला नव्हता. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं. धाकटाही असाच होता. खोकायचा नाही, जांभई द्यायचा नाही, बोट ओळीवरून सरकत राहायचं. तोही म्हणायचा, हं, वाच. बरेच वाचक म्हणत असतील.

मधल्या सुट्टीनंतर एक कार्ड वर आलं. पहिल्या दोन भावांचं. धाकट्याचं रक्त जमिनीतून ओरडतंय आणि थोरल्याला विचारलं जातंय, तुझा भाऊ कुठे आहे. मी वाचलं. पलीकडून पहिल्यांदाच उत्तर आलं नाही. मी घसा साफ करून पुन्हा वाचलं. काही नाही. कार्ड सरकवलं, ते तसंच कोरं परत आलं.

मी ते खोक्याच्या तळाशी घातलं आणि पुढचं घेतलं. पुढच्याला लगेच उत्तर मिळालं.

१२ तारीख, बुधवार

पाळकसाहेब एक दिवस आधीच परतले. खाली येऊन त्यांनी आधी माझी माफीच मागितली. म्हणाले, दुसरा वाचक काही मिळाला नाही, आता एकट्यानंच निभवावं लागेल.

मला हसू आलं. मी म्हटलं, अहो, आहेत की, आठवडाभर वाचताहेत. आणि पुरावा म्हणून कार्डांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला. प्रत्येकावर दोन खुणा. त्यांनी चार-पाच कार्डं उलटून पाहिली, पार्टिशनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, दोन्ही खुणा तुम्हीच केल्यात का.

मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. ते समजुतीनं हसले. म्हणाले, राहू द्या, थकल्यावर होतं असं, कोण तपासायला बसलंय. पाठीवर हात ठेवून गेले.

आयुष्यात पहिल्यांदा मी या बाबतीत खरं बोललो, आणि पहिल्यांदाच माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. धाकट्यालाही असंच वाटलं असेल. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

१३ तारीख, गुरुवार

सकाळी मावशींकडून पलीकडच्या खोलीची किल्ली घेतली. मागच्या अंगणातून दार आहे. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडावं लागलं. मावशी म्हणाल्या, मास्तर गेल्यापासून हे उघडलंच नाही बाबा, पाच वर्षं झाली.

टेबल, खुर्ची. टेबलावर नवा करार उघडा पडलेला. खुर्चीवर बोटभर धूळ, सारखी पसरलेली. जमिनीवरही तशीच. मी टाकलेली पावलं तेवढी दिसत होती, जाताना आणि येताना.

पुस्तकाच्या उघड्या पानावर मात्र धूळ नव्हती. ओळीखाली बोट फिरवून फिरवून कागद काळवंडतो तसा काळवंडला होता. आमच्या धंद्यात याला मळलेलं पान म्हणतात. ताजं मळलेलं होतं.

मावशी बाहेर उभ्या राहून चादरींबद्दल बोलत होत्या. मी कुलूप लावलं. दुपारी कामाला बसलो नाही.

१४ तारीख, शुक्रवार

बसलो. दुसरं करणार काय. तोंडातून वचन काढायचं नाही असं ठरवलं आणि मनात वाचलं. पलीकडून उत्तर आलं.

मग खिडकीपाशी जाऊन सगळ्या खुणा उजेडात धरल्या. माझी बरोबरची खूण सगळे करतात तशी आहे, शेपूट उजवीकडे वर जाणारं. दुसरीचं शेपूट डावीकडे जातं आणि खाली एक ठिपका.

धाकटा डावखुरा आहे.

आता लिहितोच, निदान या वहीत तरी. त्या पत्रकाच्या दिवशी पुतणीच्या शाळेत कार्यक्रम होता. धाकटा चुळबुळत होता. मीच म्हटलं, जा रे, मी बघतो. तो तीनला गेला. मी एकट्यानं वाचायला हवं होतं, नाहीतर त्याच्यासाठी थांबायला हवं होतं. काहीच केलं नाही. नुसती नजर टाकली आणि दोन खुणा केल्या. एक माझी, एक त्याची. त्याची खूण मी उजव्या हातानं केली, शेपूट उजवीकडे गेलं. कुणी नीट पाहिलं असतं तर तिथेच कळलं असतं. कुणी पाहिलं नाही. मी सांगितलं, तो खोलीतच होता, वाचलंही त्यानंच, ही बघा खूण.

त्यानं मात्र ती खूण पाहिल्याबरोबर ओळखली असणार. तरी माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणत राहिला, दादाला विचारा, दादा सांगेल.

मी सांगितलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं होती.

१७ तारीख, सोमवार

साबणाच्या डबीतून सिमकार्ड काढलं. फोन बराच वेळ थरथरत राहिला.

धाकट्याचा, तीन तारखेचा. दादा, उद्या अकराला आहे. तू आलास की मिटेल.

धाकट्याचा, चार तारखेचा, अकराला दहा कमी असताना. बाहेर बाकावर बसलोय. शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे.

पुतणीचा, चार तारखेचा. मोठे काका, बाबा गेले. बाकावर बसल्या बसल्या. सव्वा अकराला.

धाकट्याच्या बायकोचा, परवाचा. भाऊजी, एकवीसला अकरा वाजता अहवालावर सही होणार आहे. त्यात ह्यांचंच नाव घातलंय. हे त्या वेळी शाळेत होते, मी डोळ्यांनी पाहिलंय, पण बायकोचं कोण ऐकतं. तुम्ही एक फोन करा. वर्गातली पोरं आमच्या लेकीला काय काय म्हणतात, तुम्हाला लिहवत नाही. खाली चौकशीच्या कारकुनाचा नंबर.

सव्वा अकराला. त्याच दिवशी, सव्वा अकराला मी उशिराबद्दल त्याला माफ केलं होतं.

रडू आलं. खरंच आलं. पण रडता रडता मनात हेही आलं, की आता तो काही बोलू शकणार नाही. हे मी लिहून ठेवतो, म्हणजे कळेल की मी कसला माणूस आहे.

१८ तारीख, मंगळवार

बॅग भरून स्टँडवर गेलो. पहिली दिसली त्या बसमध्ये बसलो. बस निघायच्या आधी पुढच्या सीटवरच्या माणसानं पेपर उघडला. मी सवयीनं त्याच्या खांद्यावरून मथळा वाचायला लागलो.

मागून आवाज आला, हं, वाच.

उतरलो. परत आलो.

दुपारी चौकशी समितीला पत्र लिहिलं. पत्रकावरील दुसरी खूण माझ्याकडून नजरचुकीने झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. चांगलं वाक्य आहे. सरकारी माणसांना आवडेल. पाकिटात घालायला खाली आलो आणि का कोण जाणे, आधी फटीतून पलीकडे सरकवलं. तपासून घ्यायची सवय.

परत आलं. खूण नाही. समासात आमचं चिन्ह, दोन ओळींच्या मधे घुसवलेला बाण, आणि डाव्या कलाचं अक्षर. ओळ गळली आहे.

१९ तारीख, बुधवार

दुसरं पत्र. नजरचूक काढली. खूण मी केली असं घातलं. भावाच्या संमतीने, असं घातलं.

परत आलं. ओळ गळली आहे.

तिसरं. संमती काढली. कामाच्या रगाड्यात हे घडलं, भाऊ खोलीत होता की नव्हता ते आता आठवत नाही.

ओळ गळली आहे. कागद फाटेल इतकं दाबून लिहिलेलं. आयुष्यात त्यानं माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता.

गळलेली ओळ मला माहीत आहे. चौदा तारखेला याच वहीत ती लिहिली आहे. तो शाळेत होता, मीच पाठवलं, मी न वाचताच त्याची खूण केली आणि खोटं बोललो. हात वहीत चालतो. समितीच्या कागदावर चालत नाही. पन्नाशी उलटल्यावर माझं नाव पेपरात. माझ्या नावापुढे ती दोन मुलं. तो तर गेला. गेलेल्याला नाव काय आणि बदनामी काय.

तिन्ही पत्रं फाडली.

पाळकसाहेब आले होते. म्हणाले, सूची लवकर हवी, आणि जमलं तर शेवट जरा क्षमेवर करा. मी म्हटलं, नव्या करारात क्षमा पानापानावर आहे. फक्त आधी कबूल करावं लागतं. ते म्हणाले, हं. मी दचकलो.

२० तारीख, गुरुवार

सकाळी वही टेबलावर नव्हती. खाली सापडली. फटीच्या अलीकडे, उघडी.

तपासलेली आहे. माझी वही. पहिल्या पानापासून.

‘धाकट्याच्या हातून… एक ओळ गळली’ — तिथे बाण. ‘अब्रूनं बाहेर पडलो’ — बाण. ‘प्रकृतीमुळे’ — बाण. फक्त चौदा तारखेच्या पानावर खूण आहे. शेपूट डावीकडे, खाली ठिपका. तेवढं एकच पान त्यानं पास केलंय.

आणि वहीत खोचून ठेवलेलं एक कार्ड. तीनशे बारावं, शेवटचं. डावीकडे जुनं: न्यायसभा बसली आणि पुस्तकं उघडली गेली. उजवीकडे नवं: लहानमोठे सगळे मेलेले उभे राहिले आणि पुस्तकं उघडली गेली.

मोठे मास्तर तीस वर्षं हेच सांगत होते. काही निवलेलं नाही. दोन्हीकडे तेच पुस्तक. ज्याचं त्यानं लिहिलेलं.

उद्या अकरा.

२१ तारीख, शुक्रवार

दहा वाजले. खाली बसलोय. फोन समोर. नंबर समोर.

चौदा तारखेचं पान वाचून दाखवायचं. पाच मिनिटांचं काम. तीस वर्षं दुसऱ्यांचं वाचलं —

साडेदहा. मावशी बाजारात गेल्या. पाळकसाहेब चर्चमध्ये. पेटी वाजवून पाहताहेत. भिंतीतून सूर येतो.

पलीकडून — हं, दादा. वाच.

पहिल्यांदाच दादा म्हणाला. रागानं नाही. शाळेत जाताना म्हणाला होता तसंच. जाऊ ना, दादा?

पावणेअकरा. लावतो. त्या पोरीसाठी तरी —

लागला.

कारकुनानं बोला म्हटलं. मी पान समोर धरलं होतं. पहिला शब्द जिभेवर होता. तो म्हणाला, कोण बोलतंय, नाव सांगा.

नाव.

मी म्हणालो, चुकून लागला. ठेवला.

पलीकडे खुर्ची सरकली. उठला.

अकराचे टोले. पेटी थांबली. मधेच थांबली, सूर अर्धा ठेवून. पाळकसाहेबांना हाक मारली. दोनदा. काही नाही.

फटीतून हात आलाय. डावा. बोटं शाईनं भरलेली. धाकट्याचाच — नखाशी तो कापल्याचा जुना वण. माझ्या कपाळाकडे येतोय. मी मान पुढे केली. कर बाबा. कर. मला दुःख आहे रे, खरंच —

थांबला. कपाळापाशी.

मागे गेला. खूण न करता.

कपाळ चाचपलं. कोरडं.

अंगणातलं दार उघडलं. किल्ली माझ्या खिशात आहे. पावलं. त्याची नाहीत. त्याची मी ओळखतो. जड आहेत, आणि एकाची नाहीत. एकेक जण उंबरा ओलांडतोय. मोजतोय —

एक. दोन.

तीन.

आता सांगतो. ऐका. तो शाळेत होता. मीच —

चार. पाच. स